लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन. तुमचा हेडसेट नेमका कुणाला जोडलाय?

पीएचडीसाठी व्हीआर वापरायचं ठरवलेल्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो. "गेमिंग लॅपटॉप घेतलाय, आरटीएक्स कार्ड आहे, मोठमोठे गेम मस्त चालतात, पण हेडसेट लावला की काळा पडदा. कार्ड कमी पडतंय का?" बहुतेक वेळा उत्तर असतं, नाही. कार्ड पुरेसं आहे. हेडसेट त्या कार्डापर्यंत पोचतच नाहीये.

हा लेख त्या पोचण्याबद्दल आहे. पण तुम्ही नुसते गेम खेळणार नाही, माणसांना हेडसेट घालून त्यांच्याकडून डेटा घेणार आहात. त्यामुळे 'चालतंय' आणि 'बरोबर चालतंय' यातला फरकही बघावा लागेल. काळा पडदा ही खरं तर बरी अडचण आहे, कारण ती दिसते. हेडसेट सुरू आहे, चित्र दिसतंय, पण निम्म्या फ्रेम्स गळतायत, ही अडचण दिसत नाही. ती थेट तुमच्या निकालात जाऊन बसते.

आधी आत काय आहे ते बघू. जवळपास प्रत्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्येच बसवलेली, कमी वीज खाणारी. तिला इथून पुढे 'आतली' म्हणू. दुसरी स्वतंत्र, ताकदवान, बहुधा एनव्हिडियाची. तिला 'मोठी' म्हणू. दोघींमध्ये कामाची वाटणी करून बॅटरी वाचवायची, ही कल्पना एनव्हिडियाने २०१० साली 'ऑप्टिमस' या नावाने आणली. त्यात लॅपटॉपचा पडदा आतल्या चिपला जोडलेला असतो. गेम सुरू केला की मोठी चिप चित्र काढते, तयार चित्र आतल्या चिपच्या मेमरीत पाठवते आणि आतली चिप ते पडद्यावर दाखवते. म्हणजे स्वयंपाक एकीचा आणि वाढायला दुसरी. साध्या गेममध्ये या हस्तांतरणाचा उशीर कुणाला जाणवत नाही.

व्हीआरमध्ये जाणवतो. हेडसेट ९० हर्ट्झवर चालत असेल तर एका फ्रेमसाठी हातात फक्त ११.१ मिलिसेकंद असतात. त्यात चित्र तयार व्हायला हवं, भिंगाच्या आकाराप्रमाणे वाकवायला हवं आणि डोक्याच्या ताज्या स्थितीनुसार सरकवून पडद्यावर पोचायला हवं. शिवाय केबलवर चालणारे बरेचसे हेडसेट विंडोजला दुसरा मॉनिटर म्हणून दिसतच नाहीत. त्यांचं सॉफ्टवेअर तो पडदा थेट स्वतःच्या ताब्यात घेतं. त्यासाठी चित्र बनवणारी चिप आणि हेडसेटचं भोक ज्या चिपला जोडलंय ती चिप एकच असावी लागते. भोक आतल्या चिपला जोडलेलं असेल तर वाटेत मध्यस्थ आला, आणि सॉफ्टवेअर सरळ सांगतं की हेडसेट सापडला नाही.

ही गोष्ट नवी नाही. ऑक्युलस रिफ्ट २०१६ मध्ये बाजारात येण्याआधी, २०१५ च्या मे महिन्यातच कंपनीने सांगून टाकलं होतं की त्या वेळच्या बहुतेक लॅपटॉपवर तो चालणार नाही. कारणं दोन दिली होती. एक, ताकद कमी. दुसरं, स्वतंत्र कार्ड असलेल्या अनेक लॅपटॉपमध्येही बाहेरच्या मॉनिटरचं भोक आतल्या चिपला जोडलेलं असतं. ताकदीचा प्रश्न २०१६ च्या ऑगस्टमध्ये लॅपटॉपसाठी जीटीएक्स १०६०, १०७० आणि १०८० आली तेव्हा बराचसा सुटला. जोडणीचा प्रश्न मात्र आजही मॉडेलप्रमाणे बदलतो. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या दोन वर्षांच्या लॅपटॉपमध्येही जोडणी वेगळी सापडते.

ताकद किती लागते याचा अंदाज यावा म्हणून एक साधं गणित करा. त्या पहिल्या रिफ्टचा पडदा २१६० बाय १२०० पिक्सेलचा होता आणि ९० हर्ट्झवर चालायचा, म्हणजे सेकंदाला सुमारे २३ कोटी ३० लाख पिक्सेल. फुल एचडी मॉनिटरवर ६० हर्ट्झने गेम खेळताना हाच आकडा १२ कोटी ४४ लाख होतो. आणि हे झाले फक्त पडद्यावरचे पिक्सेल. भिंगाचा वाकडेपणा भरून काढायला मूळ चित्र त्याहून मोठं काढावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्ष काम अजून वाढतं.

आता तुमच्या लॅपटॉपवर कोणतं भोक कुणाचं, हे कसं ओळखायचं? जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं. लॅपटॉपवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एखादा साधा मॉनिटर त्या भोकात लावा आणि एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' हे पान उघडा. नाव विचित्र आहे, पण कामाचं पान आहे. कोणता पडदा कोणत्या चिपला लागलाय याचं छोटं चित्र तिथे दिसतं. मॉनिटर एनव्हिडियाच्या चौकटीखाली आला तर भोक योग्य. इंटेलच्या किंवा एएमडीच्या खाली आला तर दुसरं भोक बघा. एचडीएमआय मोठ्या चिपला आणि यूएसबी-सी आतल्या चिपला, अशी वाटणी बऱ्याच मॉडेलमध्ये सापडते, पण उलटही असते. गृहीत धरू नका, लावून बघा.

दोन्ही भोकं आतल्या चिपची निघाली तर? मग लॅपटॉपमध्ये 'मक्स' आहे का ते शोधा. मक्स म्हणजे पडद्याची तार या चिपवरून त्या चिपवर नेणारा खटका, रेल्वेच्या सांध्यासारखा. तो बायॉसमध्ये किंवा लॅपटॉप कंपनीच्या कंट्रोल सेंटरमध्ये 'डिस्क्रीट', 'डीजीपीयू ओन्ली' अशा नावाने असतो. तो मुख्यतः लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यासाठी असतो, पण काही मॉडेलमध्ये बाहेरचं भोकही त्याबरोबर बदलतं. आणि बदललं नाही तरी फायदा आहे. तुम्ही सहभागी व्यक्तीला काय दिसतंय ते लॅपटॉपवर बघत असता ना, ती आरशासारखी खिडकी. पडदा आतल्या चिपवर असेल तर ती खिडकी दाखवायला प्रत्येक फ्रेम एका चिपकडून दुसरीकडे पाठवावी लागते. मक्स बदलला की हे काम वाचतं. मक्स नसेल तर ती खिडकी लहान करा किंवा बंद करा.

यूट्यूबवर एक सल्ला फार फिरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आतली चिप बंदच करून टाका म्हणे. मक्स नसलेल्या लॅपटॉपवर हे करू नका. पडद्याची तार आतल्या चिपलाच आहे. ती बंद केली की विंडोज मायक्रोसॉफ्टच्या मूलभूत ड्रायव्हरवर येतं आणि मोठ्या चिपचं चित्र पडद्यापर्यंत यायचा रस्ताच तुटतो. रोग बरा व्हायच्या आधी रोगी गेला.

अ‍ॅडॅप्टरबद्दलही इथेच बोलून घेऊ, कारण पैसे वाया जाण्याची ही हमखास जागा आहे. वाल्व्ह इंडेक्स, रिफ्ट एस, एचपी रिव्हर्ब जी२ या हेडसेटना डिस्प्लेपोर्ट लागतो. लॅपटॉपला मिनी डिस्प्लेपोर्ट असेल तर साधा अ‍ॅडॅप्टर पुरतो. यूएसबी-सी असेल आणि त्यातून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल येत असेल, शिवाय तो मोठ्या चिपचा असेल, तरीही जमतं. पण लॅपटॉपला फक्त एचडीएमआय असेल तर बाजारातला स्वस्त अ‍ॅडॅप्टर उपयोगाचा नाही. असे बहुतेक अ‍ॅडॅप्टर डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जातात, उलट दिशेने नाही.

मेटा क्वेस्टसारख्या हेडसेटने यातली निम्मी कटकट संपवली. क्वेस्ट लिंक २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलं. त्यात चित्र यूएसबीने, आणि २०२१ पासून वायफायनेही, व्हिडिओसारखं दाबून हेडसेटकडे पाठवलं जातं. पडद्याची तारच नाही, त्यामुळे भोक कुणाचं हा प्रश्न नाही. पण चित्र कोणती चिप काढतेय आणि दाबतेय हा प्रश्न उरतोच. हेडसेटचं सॉफ्टवेअर चुकून आतल्या चिपवर सुरू झालं की 'तुमचा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही' असा संदेश येतो, आणि दीड लाखाच्या लॅपटॉपसमोर बसलेला माणूस चक्रावतो. अशा वेळी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा. ही सोय विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून आहे. तिथे तुमचा प्रयोगाचा प्रोग्रॅम 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा, आणि त्याबरोबर हेडसेटचा पडद्यामागे चालणारा सर्व्हरही. स्टीमव्हीआर असेल तर व्हीआरसर्व्हर आणि व्हीआरकंपॉझिटर या दोन फाइली. नंतर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये 'जीपीयू इंजिन' हा स्तंभ सुरू करा. कोणता प्रोग्रॅम जीपीयू ०वर आहे आणि कोणता १वर, ते समोर दिसतं. त्यातला कोणता क्रमांक कुठल्या चिपचा, ते परफॉर्मन्सच्या पानावर कळतं. तुमचा प्रोग्रॅम एका चिपवर आणि कंपॉझिटर दुसरीवर, असं दिसलं की अर्धा रोग सापडला.

क्वेस्टबद्दल एक सावधगिरी. दाबलेलं चित्र म्हणजे तुम्ही काढलेलं चित्र नव्हे. वाचनवेग, बारीक अक्षरं, फिकट-गडद फरकाची जाण असले विषय असतील तर लिंकवरचा हेडसेट मी घेणार नाही. माणसाचं चालणं, दिशा ओळखणं, भीती, हातांच्या हालचाली यांचा अभ्यास असेल तर चालेल, पण बिटरेट किती ठेवला ते वहीत लिहून ठेवा.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. आता बहुतेक प्रयोग ओपनएक्सआर या मानकावर लिहिले जातात. त्यात हेडसेटचं सॉफ्टवेअर, म्हणजे रनटाइम, तुमच्या प्रोग्रॅमला सांगतं की अमुक ग्राफिक्स चिप वापर, तिचा ओळखक्रमांक हा. प्रोग्रॅमने त्याच चिपवर आपलं काम उघडायचं असतं. युनिटी आणि अनरियल हे स्वतःच बघतात. पण तुम्ही सी प्लस प्लसमध्ये हाताने लिहीत असाल आणि यादीतली पहिली चिप उचलत असाल, तर डेस्कटॉपवर चालणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर पडेल, कारण लॅपटॉपच्या यादीत पहिली अनेकदा आतली असते. आणखी एक बघा. एका वेळी एकच रनटाइम सक्रिय असतो. एकाच लॅपटॉपवर मेटाचं आणि स्टीमचं दोन्ही सॉफ्टवेअर असेल, तर तुमचा प्रोग्रॅम भलत्याच दारावर जाऊन थाप मारत असतो. ही ग्राफिक्स कार्डाची अडचण नाही, पण लक्षणं अगदी तशीच दिसतात.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर बरेचदा जुना असतो. एनव्हिडियाकडून थेट घेतलेला सहसा चालतो. जुन्याचे अवशेष त्रास देत असतील तर सेफ मोडमध्ये जाऊन पूर्ण पुसा आणि मग नवा टाका. 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' नावाचा एक खटका विंडोजमध्ये २०२० पासून आहे. कुणाकडे तो बंद केल्यावर झटके थांबतात, कुणाकडे काहीच फरक पडत नाही. दोन्ही प्रकारे मोजा आणि ठरवा.

चित्र आलं, आता मोजा

माझ्या मते संशोधन करणाऱ्यासाठी खरं काम इथून सुरू होतं. गेमर इथे थांबला तरी चालतो, तुम्ही नाही.

आजचे हेडसेट फ्रेम चुकली तर ते झाकतात. वेळेत नवं चित्र आलं नाही तर जुनंच चित्र डोक्याच्या नव्या दिशेप्रमाणे सरकवून दाखवतात. रिफ्टमध्ये २०१६ च्या शेवटी आलेली पद्धत तर प्रोग्रॅमला सरळ ४५ फ्रेम्सवर आणते आणि मधल्या ४५ स्वतः रचते. स्टीमव्हीआरमध्येही तसंच काही आहे. गेमसाठी ही उत्तम सोय. पण विचार करा, तुम्ही समोरून येणाऱ्या चेंडूला माणूस किती मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो हे मोजताय. त्यातली प्रत्येक दुसरी फ्रेम अंदाजाने रचलेली असेल, तर तुम्ही नेमकं काय मोजलं? हेडसेटमध्ये तर '९० हर्ट्झ' असंच दिसत राहतं. म्हणून प्रयोगाच्या वेळी ही सोय शक्यतो बंद ठेवा, आणि चुकलेल्या फ्रेम्सची संख्या प्रत्येक चाचणीच्या डेटाफाइलमध्ये एक स्तंभ म्हणून साठवा. स्टीमव्हीआरमध्ये फ्रेमच्या वेळेचा आलेख दिसतो, मेटाच्या डीबग टूलमध्येही तशी पट्टी आहे. पण डोळ्यांनी बघितलेला आलेख म्हणजे डेटा नाही. तो फाइलमध्ये यायला हवा.

आता वीज. लॅपटॉपच्या कार्डाच्या नावावर जाऊ नका. 'आरटीएक्स ४०६०' लिहिलेले दोन लॅपटॉप घ्या. एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना या कार्डासाठी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिलेली आहे. नाव एक, वीज तिप्पट कमी-जास्त. ३०६०चं तेच, ६० ते ११५ वॅट. सर्वांत वरच्या ४०९०च्या बाबतीत तर लॅपटॉपमधली चिप डेस्कटॉपच्या ४०८०वाली आहे आणि मेमरी २४ऐवजी १६ जीबी. तेव्हा एखाद्या शोधनिबंधात 'आरटीएक्स ४०६०वर ९० हर्ट्झ मिळाले' असं वाचलंत, तर तुमच्याकडे मिळतीलच असं नाही. बॅटरीवर तर मिळणारच नाहीत. चार्जर लावलेला हवा, आणि तोही लॅपटॉपबरोबर आलेला जाडजूड. प्रवासाला सोयीचा म्हणून घेतलेला ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर लावला की 'चार्जिंग' असं दिसतं, पण मोठ्या चिपला पोटभर वीज मिळत नाही.

आणि उष्णता. लॅपटॉप पहिली पाच मिनिटं छान चालतो. मग चिप तापते, पंखे ओरडतात आणि घड्याळाचा वेग उतरतो. मे महिन्यात नागपूरच्या एसी नसलेल्या खोलीत हे अजून लवकर होतं. संशोधनाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, ते बघा. समजा तुमच्या प्रयोगात दोन अवस्था आहेत. आधी मोकळं मैदान, मग गर्दीचा रस्ता. प्रत्येक सहभागी याच क्रमाने जातो. गर्दीच्या रस्त्यात लोकांना जास्त मळमळ झाली. तुम्ही लिहिता, गर्दीमुळे मळमळ वाढते. पण दुसऱ्या अवस्थेपर्यंत लॅपटॉप वीस मिनिटं तापलेला होता, त्यात गर्दीचं दृश्य काढायला जड, आणि फ्रेम्स तिथेच जास्त गळत होत्या. मळमळ गर्दीची की लॅपटॉपची? फ्रेम्सचा स्तंभ तुमच्याकडे नसेल तर हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि चाळीस माणसं पुन्हा बोलावणं शक्य नाही. मळमळ मोजायची सर्वांत रूढ प्रश्नावली १९९३ची, सोळा लक्षणांची. ती माणसाला काय झालं ते विचारते. यंत्राला काय झालं ते विचारणं तुमचं काम.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिला सहभागी यायच्या आधी वीस मिनिटं सर्वांत जड दृश्य चालवून लॅपटॉप तापवून घ्या, म्हणजे सगळ्यांना सारखंच तापलेलं यंत्र मिळेल. अवस्थांचा क्रम निम्म्या लोकांसाठी उलटा करा. लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवा. रिफ्रेश रेट ९०वर टिकत नसेल तर हेडसेट परवानगी देत असेल तिथे ७२ किंवा ८०वर आणा. स्थिर ७२ हे डळमळत्या ९०पेक्षा केव्हाही बरं. आणि किती टक्के फ्रेम्स गळल्या तर त्या चाचणीचा डेटा वगळणार, ते डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर मार्गदर्शक विचारणारच.

प्रयोग सुरू झाल्यावर लॅपटॉपला हात लावू नका. विंडोजचे अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतात, तेवढ्यात डेटा गोळा होईल असं वेळापत्रक आखा, कारण विंडोज अपडेटमधून ग्राफिक्सचा ड्रायव्हरही बदलू शकतो. पंधरावा सहभागी एका ड्रायव्हरवर आणि सोळावा दुसऱ्यावर, असं नको. विभागातल्या जुन्या हेडसेटवर काम करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या डिसेंबरमध्ये विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी मोडीत काढल्याचं जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. रिव्हर्ब जी२सारखा चांगला हेडसेट त्यावर अवलंबून होता. ग्राफिक्स कार्ड तेच, केबल तीच, आणि एका अपडेटनंतर हेडसेटला त्याचं सॉफ्टवेअरच नाही.

ज्यांचा लॅपटॉप अजून यायचाय, त्यांनी खरेदीच्या कागदात नुसतं 'आरटीएक्स ४०७०, १६ जीबी रॅम' असं लिहून फाइल पुढे सरकवू नये. 'जेम' पोर्टलवरून किंवा निविदेने खरेदी होते तिथे कागदात नसलेलं काहीही मिळत नाही. कार्डाची वीज वॅटमध्ये लिहा. बाहेरचं एक तरी भोक थेट स्वतंत्र ग्राफिक्स चिपला जोडलेलं असावं आणि ते डिस्प्लेपोर्टचा सिग्नल देणारं असावं, असं लिहा. मक्स असावा, हेही. आणि जागा फिरायची नसेल, प्रयोग एकाच खोलीत होणार असतील, तर लॅपटॉपचा हट्ट सोडून डेस्कटॉप घ्या. तेवढ्याच पैशात जास्त ताकद मिळते, आणि मॉनिटर, हेडसेट सगळं थेट कार्डाच्याच मागे लागत असल्याने वरची निम्मी कसरत टळते. लॅपटॉप हवाच तो शाळेत, दवाखान्यात किंवा गावात जाऊन डेटा घेणाऱ्यांना.

प्रबंधाच्या कार्यपद्धतीच्या प्रकरणात मग दोन-तीन ओळी येतात. लॅपटॉपचं मॉडेल, कार्ड आणि त्याची वीज, ड्रायव्हरचा क्रमांक, विंडोजची आवृत्ती, रनटाइम आणि त्याची आवृत्ती, रिफ्रेश रेट, प्रत्येक डोळ्यासाठी चित्राचा आकार, फ्रेम रचण्याची सोय बंद होती की चालू, आणि गळलेल्या फ्रेम्सचं प्रमाण अवस्थेनुसार. हे सगळे आकडे पहिल्या सहभागीच्या दिवशीच एका फाइलीत उतरवून ठेवा. तीन वर्षांनी प्रबंध लिहायला बसाल तेव्हा तो लॅपटॉप बहुधा दुसऱ्या कुणाच्या टेबलावर असेल, विंडोज नव्याने टाकलेला.